रास्पबेरी पाय 3 या छोट्या संगणक-बोर्डावर बूटलोडर अपडेटची सेवा दर वेळी 'फेल्ड' का दिसते?

पाय 4 मधलं ऑपरेटिंग सिस्टम असलेलं मेमरी कार्ड तुम्ही पाय 3 मध्ये घातलंत आणि तेव्हापासून ही लाल ओळ दिसतेय, बरोबर? बोर्ड ठीक आहे, काळजी नको. पाय 4 वर बूटलोडरसाठी, म्हणजे बोर्ड सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, ईईप्रॉमची (वीज गेली तरी माहिती टिकवणारी) वेगळी चिप असते. पाय 3 वर ती नाहीच, तो 'बूटकोड.बिन' ही फाइल कार्डावरून वाचतो. घरात नळ नाही आणि गळतीची नोटीस आली, तसला प्रकार.

अशा वेळी सेवेने 'इथे माझं काम नाही' म्हणून गप्प बाजूला व्हावं. एक सेवा जरी फेल झाली तरी सिस्टमडी (लिनक्सवर सेवा चालवणारा प्रोग्रॅम) अख्खी यंत्रणा 'डिग्रेडेड' ठरवतं. माझ्याकडे अशाच एका बिनकामाच्या ओळीमुळे रोज सकाळी इशाऱ्याचा मेल यायचा. मी तो न वाचताच उडवायला लागलो. मग एकदा बॅकअपची डिस्क खरोखर माउंट झाली नाही, आणि तीन आठवडे मला पत्ता नव्हता!

सेवा मास्क (म्हणजे पूर्ण बंद) मात्र करू नका. उद्या कार्ड परत पाय 4 मध्ये गेलं, तर तिथलं अपडेटही बंद राहील. तपासणी दर बूटला व्हायला हवी. 'सिस्टमसीटीएल एडिट' करून सेवेला 'एक्झेककंडिशन', म्हणजे सेवा चालण्याआधीची अट, जोडा. त्यातली कमांड 0 देते तेव्हा सेवा चालते, 1 ते 254 मध्ये काही दिलं तर ती वगळली जाते पण फेल्ड होत नाही, आणि 255 आलं तर फेल्ड.

मेख इथेच आहे. डिव्हाइस-ट्रीच्या (बोर्डाच्या हार्डवेअरच्या वर्णनाच्या) 'मॉडेल' फाइलवर थेट ग्रेप ही मजकूर शोधणारी कमांड चालवलीत, तर नाव जुळलं नाही की 1 येतो. पण फाइलच वाचता आली नाही तर 2, आणि तोही 'वगळा'मध्येच मोडतो. म्हणजे खरी चूकही झाकली जाते. म्हणून चार ओळींची स्क्रिप्ट लिहा: ईईप्रॉम असलेलं मॉडेल असेल तर 0, नसलेलं असेल तर 1, फाइल वाचता आली नाही किंवा नाव अनोळखी निघालं तर 255. अनोळखी बोर्डावर अंदाजाने फ्लॅश करण्यापेक्षा ती लाल ओळ परवडली.



रीबूटनंतर पाय 3 वर ही सेवा 'इनअ‍ॅक्टिव्ह' दिसली, की जमलं.