वाचकांचे प्रश्न : जुन्या इमारती आणि भूकंप

भूकंपाच्या दृष्टीने जुन्या निवासी इमारतींचे मजबुतीकरण कसे करावे, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : आमची सहा मजली काँक्रीटची इमारत पस्तीस वर्षांपूर्वीची असून तळमजल्यावर केवळ खांब आणि वाहनतळ आहे. गेल्या वर्षी सुटलेले पोपडे काढून, गंजलेल्या सळया साफ करून त्यांना गंजरोधक लेप दिला आणि नवा गिलावा केला. आता इमारत भूकंपातही सुरक्षित समजावी काय?

उत्तर : केलेली दुरुस्ती आवश्यकच होती, तथापि आपल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. चांगल्यात चांगली दुरुस्ती इमारतीला फार तर तिच्या मूळ अवस्थेला नेऊन ठेवते आणि मूळ अवस्थेतच ती भूकंपासाठी कमजोर असेल, तर ती कमजोरी नव्या गिलाव्याखाली तशीच राहते. इमारत पस्तीस वर्षे उभी आहे याचा अर्थ ती स्वतःचे वजन नीट पेलते एवढाच. भूकंपाचा जोर मुख्यतः आडवा असतो आणि आडव्या जोराची परीक्षा आपल्या इमारतीने कदाचित एकदाही दिलेली नसेल.

आपल्या पत्रातला कळीचा शब्द ‘वाहनतळ’ हा आहे. वरच्या प्रत्येक मजल्यावर खांबांच्या मधल्या गाळ्यांत विटांच्या भिंती असतात. हिशेबात त्या धरलेल्या नसल्या, तरी प्रत्यक्षात त्या मजल्याला ताठ करतात. तळमजल्यावर भिंती नसल्याने वरचे मजले एखाद्या पेटीसारखे एकत्र हलतात आणि सर्व मजल्यांनी वाटून घ्यायचे सरकणे एकट्या तळमजल्याच्या खांबांवर येते. 26 जानेवारी 2001 रोजी भूजचा भूकंप झाला, तेव्हा केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या आणि त्यांपैकी अनेकींचा तळमजला असाच मोकळा होता.

दुसरी गोष्ट खांबाच्या पोटातली. उभ्या सळयांभोवती ठरावीक अंतरावर ज्या रिंगा बांधलेल्या असतात, त्यांची टोके जुन्या बांधकामांत बहुधा काटकोनात वळवून सोडलेली असतात. जोराचे हेलकावे बसले की खांबाचे बाहेरचे काँक्रीट गळून पडते, काटकोनी टोके उलगडतात, उभ्या सळया बाहेरच्या बाजूला फुगतात आणि आतला काँक्रीटचा गाभा भुसभुशीत होऊन ओघळतो. हेच टोक 135 अंशांत वळवून गाभ्यात रुतवले असते आणि खांबाच्या वरच्या व खालच्या टोकांजवळ रिंगा 100 मिलिमीटरच्या आत घेतल्या असत्या, तर तोच खांब वाकूनही बराच काळ भार धरून राहिला असता. आपल्या खांबांत काय आहे हे नकाशावरून गृहीत धरू नये. सळया शोधणाऱ्या यंत्राने रिंगांचे अंतर मोजता येते. पण टोकाचे वळण पाहण्यासाठी एक-दोन ठिकाणी खांब उघडून पाहावाच लागतो. दुरुस्तीच्या वेळी पोपडे काढले, तेव्हाच ते पाहून घेतले असते तर दुहेरी खर्च वाचला असता, हे नाइलाजाने नमूद करतो.

प्रश्न : आम्हाला तीन वेगवेगळे प्रस्ताव मिळाले आहेत : खांबांना फायबरचे कापड गुंडाळणे, खांबांभोवती नवे काँक्रीट घालून ते जाड करणे आणि तळमजल्यावर पोलादाचे तिरपे आधार बसवणे. त्यांतला उत्तम कोणता?

उत्तर : तिन्ही उपाय खरे आहेत, पण ते एकाच आजारावरचे नाहीत, म्हणून दरांची तुलना करण्यापूर्वी प्रत्येक प्रस्तावाने इमारतीतली कोणती उणीव ओळखली आहे, हे लेखी मागावे. एकाही प्रस्तावात त्याचे उत्तर नसेल, तर तिन्ही बाजूला ठेवून आधी स्वतंत्र संरचना अभियंत्याकडून भूकंपविषयक तपासणी करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

फायबरचे कापड खांबाला पट्टीसारखे आवळून धरते. त्यामुळे विरळ रिंगांची उणीव बरीचशी भरून निघते आणि खांब ठिसूळपणे फुटत नाही. मात्र काही मिलिमीटर जाडीच्या त्या वेष्टनाने खांबाच्या ताठपणात जवळजवळ काहीच भर पडत नाही, त्यामुळे मोकळ्या तळमजल्याचे जादा सरकणे तसेच राहते.

काँक्रीटचे जॅकेटिंग, म्हणजे खांबाभोवती नवे काँक्रीट घालून तो जाड करणे, याच्या उलट वागते. भिंतीत लपावा म्हणून 230 मिलिमीटर रुंद आणि 450 मिलिमीटर लांब ठेवलेला खांब घ्या. त्याच्या चारी बाजूंना 100 मिलिमीटरचा थर दिला, तर तो 430 बाय 650 होतो आणि अरुंद दिशेतला त्याचा ताठपणा कागदोपत्री नऊपटीहून अधिक वाढतो. परंतु हा हिशेब खरा ठरण्यासाठी जुना पृष्ठभाग टाचून खडबडीत केलेला असावा लागतो, नव्या सळया खाली पायात पक्क्या गुंतवाव्या लागतात आणि वर स्लॅबला भोके पाडून पुढच्या मजल्यात न्याव्या लागतात. सळया स्लॅबच्या खालीच तोडल्या, तर जाड खांब दिसतो खरा, पण त्याच्या टोकाला वाकण्याची ताकद वाढत नाही. कामाच्या वेळी रहिवाशांपैकी कोणीतरी ही एक गोष्ट डोळ्यांनी पाहिलीच पाहिजे.

तिरपे पोलादी आधार, पोलादी चौकटी किंवा काँक्रीटच्या नव्या शिअर वॉल (आडवा जोर पेलण्यासाठी बांधलेल्या सळयायुक्त काँक्रीटच्या भिंती) यांचा मार्ग निराळा आहे. ते खांबांना बळकट करण्याऐवजी त्यांच्यावर येणारा आडवा जोर स्वतःकडे घेतात. मोकळ्या तळमजल्यासाठी मला हा मार्ग बहुतेक वेळा अधिक पटतो, कारण मोजक्या गाळ्यांत काम होते आणि वाहनांची ये-जा राहते. मात्र जोर जिथे एकवटतो तिथला पायाही तपासून वाढवावा लागतो आणि हे आधार इमारतीच्या दोन्ही दिशांना, शक्य तितके सममित असावे लागतात. तळमजला असा ताठ केल्यावर कमजोर जागा पहिल्या मजल्यावर सरकत नाही ना, हेही त्याच हिशेबात दाखवून घ्यावे. तिन्ही प्रस्तावांचा मेळ घालून, म्हणजे काही गाळ्यांत आधार आणि उरलेल्या खांबांना वेष्टन, अशी योजना निघाली तर आश्चर्य वाटू देऊ नये.

प्रश्न : तळमजल्यावर आम्हीच विटांच्या भिंती बांधून घेतल्या, तर स्वस्तात काम होणार नाही का? निदान कमरेइतक्या?

उत्तर : कमरेइतक्या तर मुळीच नकोत. खांबाला चिकटून अर्ध्या उंचीची भिंत बांधली की खांबाची मोकळी उंची निम्मी होते आणि ताठपणा आठपट होतो. ताठ खांब अधिक जोर ओढून घेतो आणि तेवढ्या आखूड भागात तिरपा चिरून तुटतो. पूर्ण उंचीच्या भिंतीही एकाच बाजूला बांधल्या, तर इमारत भूकंपात पिळवटते. सॅन फ्रान्सिस्कोच्या मरिना भागात 1989 च्या लोमा प्रिएटा भूकंपात चौकातल्या कोपऱ्यावरच्या इमारतींचे विशेष हाल झाले. त्यांच्या रस्त्याकडच्या दोन्ही बाजू गॅरेजच्या दारांनी उघड्या होत्या. भिंती मदत करू शकतात, पण त्या कुठे, कोणत्या आणि खांबाला कशा जोडलेल्या, हे हिशेबाने ठरवावे लागते.

प्रश्न : वरच्या मजल्यावरचे सभासद म्हणतात की काम तळमजल्यावर आहे, मग आम्ही वर्गणी का द्यावी? शिवाय कामाच्या काळात घरे रिकामी करावी लागतील, ही भीती सगळ्यांनाच आहे.

उत्तर : तळमजल्याचे खांब वरच्या सर्व घरांचे वजन वाहतात, त्यामुळे ते कोण्या एका मजल्याचे नसतात. खालचा मजला चिरडला गेला, तर वरचा मजला एक मजला खाली येऊन आदळतो आणि राहण्याजोगा उरत नाही. खर्चाच्या वाटपाचे सूत्र आपल्या नियमावलीनुसार ठरवावे. तांत्रिक बाजूने मात्र वरच्यांना सूट देण्याजोगे काही दिसत नाही.

काम तळमजल्यापुरते मर्यादित असेल, तर बहुधा घरे रिकामी करावी लागत नाहीत; वाहने काही काळ बाहेर ठेवावी लागतात आणि आवाज व धूळ सोसावी लागते. सॅन फ्रान्सिस्कोने 2013 मध्ये आणि लॉस एंजेलिसने 2015 मध्ये अशा जुन्या निवासी इमारतींचे मजबुतीकरण सक्तीचे केले. तिथल्या बहुतेक इमारती लाकडी सांगाड्याच्या असल्या, तरी दुखणे मोकळ्या तळमजल्याचेच होते आणि हजारो इमारतींत हे काम भाडेकरू राहत असतानाच झाले.

प्रश्न : आमचे अभियंता म्हणतात की एवढे करूनही मोठ्या भूकंपात भिंतींना तडे जातील आणि कदाचित इमारत नंतर वापरता येणार नाही. मग एवढा खर्च कशासाठी?

उत्तर : आपले अभियंता प्रामाणिक आहेत, ‘भूकंपाचे काहीही चालणार नाही’ असे सांगणाऱ्याकडे जाऊ नका. जुन्या निवासी इमारतीच्या मजबुतीकरणाचे नेहमीचे उद्दिष्ट ती कोसळू नये आणि माणसांना जिन्याने बाहेर पडता यावे, हे असते. 17 जानेवारी 1994 रोजी पहाटे साडेचारच्या सुमारास लॉस एंजेलिस परिसरात नॉर्थरिजचा भूकंप झाला, तेव्हा एका तीन मजली निवासी संकुलाचा तळमजला दबून तिथले 16 रहिवासी गेले. जपानने 1981 मध्ये भूकंपविषयक नियम कडक केले होते. 1995 च्या कोबे भूकंपात त्या नियमांनुसार बांधलेल्या इमारतींच्या तुलनेत आधीच्या इमारती फार मोठ्या प्रमाणावर कोसळल्या, आणि नव्यांपैकीही अनेकींना तडे गेलेच होते.

याहून वरचे उद्दिष्ट, म्हणजे भूकंपानंतर लगेच राहता यावे असे, ठरवता येते. पण ते हिशेब सुरू होण्यापूर्वी अभियंत्याला सांगावे लागते आणि त्याने खर्च वाढतो. जिन्याभोवतीच्या भिंती, गच्चीवरची पाण्याची टाकी आणि कठडे या तीन गोष्टी मात्र कोणतेही उद्दिष्ट निवडले तरी यादीत घालून घ्या. सांगाड्याच्या हिशेबात त्या बऱ्याचदा सुटून जातात, आणि माणसे बाहेर पडतात ती नेमकी जिन्यातून आणि कठड्याखालून.