जुनी पद्मिनी इलेक्ट्रिक करता येते का?

वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी इलेक्ट्रिक करायची म्हणताय, तर हो, करता येते. गाडी साधी आहे, रिअर व्हील ड्राइव्ह (इंजिनाची ताकद मागच्या चाकांना), आणि ते १०८९ सीसीचं इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर, टाकी असं सगळं काढलं की बरीच जागा होते, मोटर अडॅप्टर प्लेट (मधली जोडपट्टी) लावून जुन्याच गिअरबॉक्सला जोडतात. खरा प्रश्न बॅटरी कुठे ठेवायची हा. सगळी डिकीत टाकाल तर मागचे पाटे (स्प्रिंग) बसतील आणि स्टिअरिंग हलकं पडेल, म्हणून अर्धी बॉनेटखाली अर्धी टाकीच्या जागी असं वजन वाटून घ्या. जॅग्वारने २०१७ मध्ये ई-टाइप झीरो, म्हणजे जुन्या ई-टाइपची इलेक्ट्रिक गाडी, दाखवली त्यात हेच नीट सांभाळलंय, बॅटरी पॅक मूळ सहा सिलेंडर इंजिनाच्याच मापाचा आणि जवळपास तेवढ्याच वजनाचा केला. ब्रिटनच्या प्रिन्स हॅरी आणि मेगनच्या लग्नातली ती निळी गाडी हीच.

आणि ब्रेक! पद्मिनीला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक, ते आधी सुधारून घ्या, मोटर नंतर.

इलेक्ट्रिक करायचं किट एआरएआय (गाड्यांची चाचणी करणारी संस्था) किंवा तशा संस्थेने मंजूर केलेलंच घ्या आणि आरटीओत आरसीवर बदल नोंदवून घ्या, नाहीतर इन्शुरन्सला अडकाल. अजून एक, गाडी ५० वर्षांवरची असेल तर व्हिंटेज नोंदणी मूळ रूपातल्या गाडीलाच मिळते, त्यामुळे इंजिन चालू असेल तर मी तरी हात लावणार नाही. बंद पडून सडत असेल तर मात्र नक्की करा. काढलेलं इंजिन भंगारात देऊ नका हो, ग्रीस लावून जपून ठेवा.