आधी काम बघ

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षात मन लागत नाही, मेकॅनिक्सच्या पेपरात एटीकेटी लागली, शाळेतले दोघे मित्र कॉम्प्युटरला गेल्यामुळे त्यांना मिळणाऱ्या पगारांचे आकडे आतापासूनच कानांवर आदळतात, आणि बाबांनी भरलेल्या फीचा विचार मनात आला की घरी तोंड उघडवत नाही, हे सगळे मला पोहोचले. तू हुशार आहेस, सगळे नीट होईल, हे तुला सांगायला तुझी आई आहे. मी तिची बालमैत्रीण खरी, पण हे पत्र लिहिताना मी बडोद्याच्या कलाभवनाच्या त्याच वर्गांत बसलेली आणि आजही पुलांच्या तपासणीसाठी उन्हातान्हात हिंडणारी इंजिनिअर आहे, हे लक्षात ठेव.

चार पाने भरून लिहिताना सिव्हिल इंजिनिअर दिवसभर काय करतो याविषयी तू एक ओळही लिहिलेली नाहीस. प्रोग्रामर दिवसभर काय करतो याविषयीही नाही. सिव्हिलची तुझी ओळख प्रश्नपत्रिकेतून झालेली आहे आणि कॉम्प्युटरची पगाराच्या आकड्यातून. प्रत्यक्ष काम दोन्हीकडचे तू पाहिलेले नाहीस. काम पाहिल्याशिवाय विषय सोडू नये, आणि काम पाहिल्याशिवाय धरूही नये. मला तुला एवढेच सांगायचे आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण तुझ्या वयाच्या मुलांना ते एकदा सांगून पोहोचत नाही असा माझा अनुभव आहे.

ज्या कलाभवनात तू शिकतोस, ते १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जरांनी उभे केले, तेव्हा मुलांनी रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम स्वतःच्या हातांनी करावे आणि ते आपल्या भाषेतून शिकावे, हा त्यामागचा विचार होता. आज अभ्यासक्रम फार मोठा झाला आहे आणि त्यात गणित पुष्कळ आहे. ते आवश्यकच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गणित कशाचे चालले आहे हे डोळ्यांपुढे नसेल तर मन उडते, आणि मुलाला वाटते की आपल्याला हा विषयच आवडत नाही.

तू नापास झालास त्याच पेपरातले उदाहरण घेते. तुळईची आकृती काढताना एका टोकाला पक्का टेकू दाखवतात आणि दुसऱ्या टोकाला रोलर. तो रोलर तू आतापर्यंत किती वेळा काढला असशील, आणि तो तिथे का असतो हे तुला कोणी दाखवले नसेल. माझ्याबरोबर एखाद्या पुलाखाली चल. गर्डर, म्हणजे पुलाची आडवी तुळई, आणि खांब यांच्या मध्ये बेअरिंग असते, ते पाहा. ४० मीटरचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा भाग, तापमानात ३० अंशांचा फरक पडला की सुमारे १२ ते १५ मिलिमीटर लांबतो, आणि त्याला सरकायला जागा मिळाली नाही तर तो काँक्रीट फोडतो. तुझ्या वहीतला रोलर म्हणजे हे बेअरिंग. धुळीने आणि कचऱ्याने ते अडकले असेल तर ते साफ करून घ्यावे लागते, आणि ते अडकले आहे हे ओळखण्यासाठी कोणाला तरी वाकून, टॉर्च धरून, आत डोकावावे लागते. मग हातोडी घेऊन काँक्रीटवर ठोकत जायचे. चांगले काँक्रीट टणक आवाज देते. आतली सळई गंजली असेल तिथे आवाज भद्द येतो, कारण गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते आणि तो वरचा थर आतून सुटा करतो. पुष्कळदा भेग डोळ्यांना दिसण्याच्या आधी हा आवाज कानांना कळतो. ९ जुलै २०२५ रोजी मही नदीवरचा गंभीरा पूल तुटून वाहने नदीत गेली, तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांत आकांत झाला हे तुला आठवत असेल. तो पूल १९८५ पासून वापरात होता. त्या बातमीनंतर मी कोणत्याही पुलाखालून हातोडीने ठोकल्याशिवाय परतत नाही, आणि हा विषय रुक्ष आहे असे कोणी म्हटले की माझा संयम सुटतो.

साइटवरचे कामही पाहा. स्लॅब भरायच्या दिवशी पहाटे जा. सळई फळीला टेकू नये म्हणून खाली कव्हर ब्लॉक ठेवलेले असतात. ते प्रत्येक ठिकाणी आहेत का हे ओणवे होऊन बघावे लागते, कारण एकदा काँक्रीट पडले की ती चूक कोणालाही दिसत नाही आणि पुढे वर्षानुवर्षे आत गंज धरते. माल घट्ट वाटला की मजूर त्यात पाणी वाढवायला बघतात, कारण पातळ माल पसरायला सोपा असतो; त्या वेळी समोर कॉन्ट्रॅक्टर चिडलेला असताना, काम थांबण्याची धमकी असताना, नाही म्हणायचे असते. तू परीक्षेत काँक्रीटची प्रत एम २५ अशी लिहितोस. त्यातला २५ हा आकडा म्हणजे १५० मिलिमीटरचे ठोकळे २८ दिवस पाण्यात ठेवून, यंत्राखाली फुटेपर्यंत दाबून तपासायची ताकद आहे. ठोकळा फुटतानाचा आवाज एकदा ऐक, मग तो आकडा तुला पाठ करावा लागणार नाही.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते, तेही सांगते. माझी पहिली नोकरी एका डिझाइन ऑफिसात होती. साइटवर पाठवा म्हणून मी मागे लागले की बायकांना तिथे कशाला, असे उत्तर मिळायचे, आणि माझ्याबरोबर लागलेली मुले बूट चढवून निघून जायची. मी टेबलाशी बसून दुसऱ्यांनी बांधलेल्या गोष्टींचे आकडे तपासत राहिले. ती वर्षे गेली याची हळहळ मला अजून वाटते. शेवटी कमी पगारावर एका लहान कॉन्ट्रॅक्टरकडे गेले, कारण तो मला साइटवर उभे राहू देणार होता. माहेरी आणि सासरी दोन्हीकडे त्यावर खूप बोलले गेले, दांडिया बाजारातल्या आमच्या नात्यात आजही बोलले जाते. माझ्या वर्गातले कित्येक जण परदेशी गेले, त्यांची मोठी घरे झाली. माझे तसे काही झाले नाही. तरीही तो निर्णय मी आज पुन्हा तसाच घेईन. मला हट्टी म्हणतात, म्हणोत. ज्या कामासाठी मी शिकले ते काम मी हातांनी ओळखते, आणि त्याच्या बदल्यात मला दुसरे काहीही नको आहे.

सोडण्यात लाज आहे असे मात्र मी म्हणत नाही. आपल्याच विद्यापीठातून १९७१ साली भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झालेले वेंकटरमण रामकृष्णन अमेरिकेत त्याच विषयात पीएच.डी.पर्यंत गेले, आणि डॉक्टरेट हातात असताना जीवशास्त्राच्या वर्गात पुन्हा विद्यार्थी म्हणून जाऊन बसले. २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोमवरच्या कामासाठी मिळाले. त्यांनी आधीचा विषय सोडला तो त्यात स्वतः संशोधन करून झाल्यावर. तू पत्रात विनोबांचा दाखला दिला आहेस: १९१६ मध्ये बडोद्याहून इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला उतरले आणि काशीला गेले. बाळा, काशीला कशासाठी जायचे हे त्यांना ठाऊक होते. तुझ्या पत्रात फक्त उतरण्याचे स्टेशन आहे. हा दाखला देण्यापूर्वी थोडा विचार करायला हवा होतास.

तीच कसोटी कॉम्प्युटरलाही लाव, नाहीतर माझे सांगणे एकांगी होईल. तुझा मावसभाऊ पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे ना? त्याच्याकडे आठवडाभर राहा आणि सुट्टीच्या दिवशी नव्हे, तो घरून काम करतो त्या दिवशी त्याच्याशेजारी बस. नवीन प्रोग्राम लिहिण्यापेक्षा दुसऱ्याने लिहिलेला, बिघडलेला प्रोग्राम वाचण्यात त्याचा किती वेळ जातो ते बघ. एक चूक शोधताना संध्याकाळ झाली आणि तुला उठावेसे वाटले नाही, तर ती खूण खरी. तसे झाले तर खुशाल तिकडे जा, मी स्वतः तुझ्या बाबांशी बोलेन. पण मित्रांचे पगार ऐकून जाणार असशील तर माझ्याकडून पाठिंब्याची अपेक्षा धरू नकोस.

तोपर्यंत एटीकेटीचा पेपर मात्र मनापासून दे, कारण नापास झालेला विषय सोडणे आणि न आवडलेला विषय सोडणे यांतला फरक तो पेपर सुटल्याशिवाय तुझा तुलाच कळणार नाही. घरीही बोल. फी भरणाऱ्या माणसाला मुलाची अडचण शेवटी समजली तर त्याला जास्त वाईट वाटते. तुझ्या बाबांना मी तुझ्या जन्माआधीपासून ओळखते, ते ओरडतील आणि मग ऐकतील.

दिवाळीच्या सुट्टीत मी सावली आणि डभोईकडच्या रस्त्यांवरचे पूल बघायला जाणार आहे. सकाळी लवकर निघावे लागते. बूट घालून ये, चप्पल चालणार नाही, आणि मेकॅनिक्सची वही बरोबर आण. परत आल्यावर मला पुन्हा पत्र लिही. त्यात आवडते की नाही हे पहिल्या पानावर लिहू नकोस; काय काय पाहिलेस ते लिही, आणि त्यातले काय अजून कळले नाही तेही लिही.

तुझी,
मावशी