प्रार्थनेची पट्टी कोणाच्या गळ्याची?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे. या वेळी सगळे प्रश्न शाळेत संगीत शिकवणाऱ्यांचे आहेत.

मी विशारद आहे, पाचवी ते सातवीला संगीत शिकवते. माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीवर माझा सा; प्रार्थनाही त्याच पट्टीत घेते. खालच्या स्वरांना मुलं गात नाहीत, नुसती बोलतात. निम्मा वर्ग बेसूर वाटतो. विशारदच्या पुढच्या अलंकार परीक्षेला बसले तर शिकवण्यात फरक पडेल का?
(शिक्षिका, सांगली जिल्हा)

अलंकारला खुशाल बसा, पण या दुखण्यावर ते औषध नाही. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतची शिडी मुख्यतः तुमच्या स्वतःच्या गाण्याची आहे. वर्गात अडलंय ते पट्टीपाशी.

पेटीचा खर्जाचा स्टॉप (खालच्या सप्तकाच्या सुरांना हवा सोडणारी खुंटी) बंद करा आणि मोबाईलच्या ट्यूनरवर 'सी ४' दिसेल ती पांढरी एक शोधा. दहा-बारा वर्षांच्या बहुतेक मुलांचा तळ साधारण तिथेच असतो, आणि वर ती पुढच्या सप्तकातल्या पांढरी एक-दोनपर्यंत आरामात जातात. तुमचा काळी चारचा सा या तळाच्या चार पट्ट्या खाली पडतो. म्हणजे तुमचे सा आणि रे दोन्ही मुलांच्या आवाक्याबाहेर. गंधारापासून कुठे त्यांना सूर सापडतो. मुलं बेसूर नाहीत, त्यांना पाय टेकायला जागा नाही.

म्हणून पट्टी स्वतःच्या गळ्यावरून ठरवू नका, गाण्यावरून ठरवा. प्रार्थनेतला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर वहीत लिहा आणि खालचा स्वर त्या पांढरी एकच्या आसपास बसवा. प्रार्थना मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून मध्य धैवतापर्यंत असेल तर सा पांढरी चार. सा पासून तार (वरच्या सप्तकातल्या) रे पर्यंत असेल तर सा पांढरी एक. राष्ट्रगीत मंद्र नी ते तार सा, म्हणून काळी एक. काळी एकचा तार सा तुमच्या पट्टीत तार मध्यम होतो. तो दाबून लावू नका, हलक्या आवाजात लावा. मुलं तुमचा जोरही उचलतात.

खरी अडचण बोटांची आहे. वर्षानुवर्षं एकाच पट्टीत रियाज केलेला असतो, त्यामुळे पांढरी चारवर हात अडखळतो. एकच प्रार्थना घ्या आणि ती पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन आणि पांढरी चारवर वाजवायला शिका. रोज दहा मिनिटं, एक पट्टी हातात बसेपर्यंत दुसरी घ्यायची नाही. पट्ट्या सरकवून सा बदलता येतो अशा स्केलचेंजर पेटीने हे काम वाचतं, पण ती जड असते, यंत्रणा झिजते आणि शाळेची पेटी कितीजण हाताळतात ते तुम्हाला ठाऊक आहेच.

उरलेली बेसूर मुलं हजेरीत शोधा. सा धरून ठेवा, प्रत्येकाने त्याच स्वरात 'हजर बाई' म्हणायचं. पंचावन्न मुलांची हजेरी पाच-सहा मिनिटांत होते. नावापुढे बरोबर, खाली किंवा वर एवढीच खूण करा. बहुतेक चुकणारी मुलं खालीच असतात. अशा मुलाला 'वर घे' म्हणून भागत नाही, त्याला वर म्हणजे मोठ्याने असंच वाटतं. आधी त्याचा जो स्वर लागलाय तो पेटीवर तुम्ही शोधा, त्याला जुळल्याचं कळू द्या, मग एकेक पट्टी वर सरका. आणि त्याला मागच्या रांगेत टाकू नका. दोन पक्क्या गळ्यांच्या मध्ये बसवा.

राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं असतं म्हणतात. आमच्याकडे ते ४५मध्येच संपतं. मुलांना कसं आवरायचं?
(शिक्षक, नंदुरबार)

हो, पूर्ण राष्ट्रगीताची ठरलेली वेळ सुमारे ५२ सेकंद आहे. घाई सहसा शब्दांत नसते, ती ओळींच्या शेवटी असते. लांबवायचा स्वर मुलं अर्ध्यावर सोडतात आणि पुढच्या ओळीवर उडी मारतात. शेवटच्या 'जय हे'च्या माळेत तर हमखास. शब्द न म्हणता फक्त ओळींचे शेवट मनात मात्रा मोजत धरायला लावा, आठवडाभर रोज दोनदा. स्वतःही तपासा: मुलं पुढे गेली की पेटी त्यांच्यामागे धावते का? धावत असेल तर मुलांना आवरायला उरलंच कोण.

गाणं वेगात नसून गढूळ होत असेल तर कारण वेगळं. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर मागच्या रांगेला पेटी सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येते. रांगा लांब न करता रुंद करा. २०२३पासून राज्यगीतही परिपाठात आलंय, त्यालाही हेच लागू.

आठवीच्या मुलांचे आवाज फुटलेत. त्यांना समूहगीतातून वगळू का?

नको. चार-पाच स्वरांचाच टप्पा द्या, तोही खालच्या सप्तकात. ज्याला तेवढंही जड जातंय त्याच्याकडे काही महिने टाळ किंवा ढोलकी. ओरडून वरचा स्वर लावायला मात्र सांगू नका.

नोकरीत असताना प्रशिक्षण कुठे मिळेल?

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाखालच्या 'सीसीआरटी' (सेंटर फॉर कल्चरल रिसोर्सेस अँड ट्रेनिंग) या संस्थेची सेवेतल्या शिक्षकांसाठी शिबिरं असतात. मुख्य केंद्र दिल्लीत, जवळची म्हणजे हैदराबाद आणि उदयपूर. त्यात कलांची ओळख चांगली होते, पट्टीचा प्रश्न सुटत नाही.

पावसाळ्यात पेटीच्या दोन पट्ट्या दबल्या की वर येत नाहीत, एक स्वर मुका झालाय आणि भाता सारखा मारावा लागतो. दुरुस्तीवाला जवळपास नाही.
(शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा)

पट्ट्या लाकूड फुगल्याने अडकतात. घासू नका; थंडीत लाकूड आकसलं की त्याच पट्ट्या खडखडतील. पेटीजवळ, आत नव्हे, जुन्या पद्धतीचा ४० वॉटचा बल्ब तासभर लावा, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. उन्हात ठेवलीत तर सांधे उकलतील. तेल तर अजिबात नको.

मुक्या स्वराच्या पितळी जिभेखाली बहुधा कण अडकलाय. ती पट्टी दाबून धरून चार-पाच वेळा जोरात भाता मारा. नाही गेला तर सूर (या जिभा बसवलेला भाग) उघडे करून जिभेच्या मोकळ्या टोकाखालून पातळ कागदाची पट्टी एकदाच बाहेर ओढा. जीभ खरवडू नका: टोकाला खरवडलं की स्वर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो.

हवा कुठून जाते ते असं पाहा. भाता पूर्ण भरा, एकही पट्टी दाबू नका. सगळे स्टॉप बंद असताना हवा टिकते आणि उघडल्यावर भरकन जाते, तर गळती पट्ट्यांखालच्या झडपांत आहे. दोन्ही वेळा जात असेल तर भाता फाटलाय, आणि शाळेच्या कपाटात तो बहुतेकदा उंदरांनी कुरतडलेला असतो.