पाळी गेल्यावर डाग दिसला, पॅप नॉर्मल आला. आता कोणती तपासणी करायची?

तुम्ही लिहिलंय की आईंची पाळी जाऊन सहा वर्षं झाली, परवा दोन दिवस कपड्याला डाग लागला आणि पॅप नॉर्मल आल्यामुळे घरचे निर्धास्त आहेत. कृपया इथेच थांबू नका. पॅपमध्ये गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी तपासतात. आतल्या अस्तराचा कॅन्सर त्यात बऱ्याचदा सापडतच नाही.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एकदाच, अगदी पुसट गुलाबी डाग दिसला तरी तपासायचंच. अशा दहाजणींत साधारण एकीलाच कॅन्सर निघतो, बाकीच्यांचं अस्तर बहुधा सुकलेलं असतं किंवा आत कोंब (पॉलिप, अस्तराची साधी वाढ) असतो. पण अस्तराचा कॅन्सर झालेल्या दहापैकी नऊजणींना रक्तस्राव झालेला असतो. म्हणून हा आजार लवकर हाती लागू शकतो, डाग अंगावर काढला नाही तर.

आधी योनीमार्गातून सोनोग्राफी. गर्भाशयाच्या उभ्या छेदात अस्तर जिथे सर्वांत जाड असेल तिथे दोन्ही थर मिळून मोजतात. आत पाणी असेल तर ते वगळून. 4 मिमी किंवा कमी भरलं तर कॅन्सरची शक्यता 1 टक्क्याच्या आत येते. मात्र रिपोर्टमध्ये आकड्याबरोबर ‘अस्तर पूर्ण दिसलं का’ हेही बघा. फायब्रॉइडमुळे (गर्भाशयातल्या साध्या गाठीमुळे) ते झाकलं गेलं असेल तर त्या आकड्यावर विसंबू नये. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी) चालू असेल तर अस्तर तसंही जाड दिसतं, तिथे आकडा फारसा कामाचा नाही; रक्तस्राव झाला की थेट अस्तराचा तुकडा काढून तपासायचा.

अस्तर 4 मिमीच्या वर असेल तर बायोप्सी. सुमारे 3 मिमी जाडीची लवचिक प्लास्टिकची नळी आत सरकवतात, तिच्यातला दांडा मागे ओढला की आत ओढ तयार होते, मग नळी फिरवत पुढे-मागे करून अस्तराचे कण गोळा करतात. बहुधा भूल लागत नाही. मिनिटभर पाळीसारखी जोराची कळ येते. चूक होते ती अशी, की नळी अस्तराचा थोडाच भाग खरवडते. गाठ एका कोपऱ्यात किंवा कोंबात असेल तर ती निसटते. आणि ‘नमुना अपुरा’ म्हणजे ‘कॅन्सर नाही’ नव्हे! अस्तर जाड असून असा रिपोर्ट आला तर दुर्बिणीतून आत बघून, संशयाच्या जागेचाच तुकडा घ्यायला सांगा. नुसतं क्युरेटिंग (अस्तर खरवडून काढणं) आंधळेपणानेच होतं, त्यातही तीच जागा राहून जाऊ शकते.

अस्तर पातळ आहे, बायोप्सीही ठीक आली, तरी रक्त पुन्हा दिसलं तर परत जा. काही आक्रमक प्रकार सुकलेल्या, पातळ अस्तरावरही वाढतात.

सीए-125 या रक्ततपासणीने किंवा एमआरआयने सुरुवात करू नका. निदान तुकड्यावरच होतं. एमआरआय नंतर, कॅन्सर स्नायूत किती खोल गेलाय ते बघायला.

जाताना आईंच्या सगळ्या गोळ्या सोबत न्या, विशेषतः हार्मोनच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या. नात्यात कोणाला पन्नाशीच्या आत आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा. लिंच सिंड्रोम (हे कॅन्सर होण्याची शक्यता वाढवणारा आनुवंशिक दोष) असलेल्या घरातल्या बायकांना त्रास नसतानाही 30-35 व्या वर्षापासून बायोप्सी सुचवली जाते, म्हणजे हा प्रश्न तुमच्या बहिणींचाही असू शकतो.