परदेशातील अनोळखी माणसाचे उपकार कसे फेडायचे?

परदेशी मुलामुलींकडे काही महिने राहून आलेली माणसे समुपदेशनाला येतात, तेव्हा तक्रार बहुधा एकटेपणाची, थंडीची किंवा घरातल्या कुरबुरींची असते. मात्र गेल्या काही वर्षांत आणखी एक प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो आणि तो विचारताना माणसे संकोचतात. तिथे एका अनोळखी माणसाने आपल्यासाठी एवढे केले, आपण त्याला काहीच देऊ शकलो नाही, ते मनातून जात नाही, तर आता काय करावे? घरच्यांना यात प्रश्नच दिसत नाही. "चांगलाच अनुभव आला ना, मग झालं तर," असे म्हणून ते विषय संपवतात. विषय तेवढ्यावर संपत नाही, हे मी पाहिले आहे, म्हणून त्यातील एक अनुभव येथे मांडते. संबंधित बाईंची परवानगी घेतलेली आहे आणि त्यांची ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

त्या सांगलीच्या. वय ६३, प्राथमिक शाळेत ३४ वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या. आळीत सगळे त्यांना "बाई" म्हणतात, मीही तेच संबोधन वापरते. मुलगी आणि जावई टोकियोत निशि-कासाई येथे राहतात, जिथे भारतीय कुटुंबे इतकी आहेत की तूरडाळ आणि हिंग चालत जाऊन आणता येतो. बाई एकदा दोन महिने तिथे राहून आल्या होत्या. आता मुलीला सातवा महिना लागला होता आणि बाई पुन्हा जायला तयार नव्हत्या. "आईला तिथल्या गाड्यांची भीती बसली आहे, ती तेवढी घालवा," असे मुलीने फोनवर मला सांगितले.

पहिल्या भेटीत बाईंनी जे सांगितले त्यात भीती फारशी नव्हती. जूनमधल्या एका दुपारी त्या मोनझेन-नाकाचो येथील फुदो देवाच्या मंदिरात एकट्याच गेल्या होत्या. या मंदिरात रोज अग्नी पेटवून विधी होतो, त्याला जपानी भाषेत "गोमा" म्हणतात आणि तो शब्द आपल्या "होम" या शब्दावरूनच तिकडे गेलेला आहे, हे जावयाने सांगितल्यापासून त्यांना तो पाहायचा होता. परतताना त्या तोझाई मार्गावरच्या जलद गाडीत बसल्या. ही गाडी तोयोचो सोडल्यावर मधली तीन स्थानके न घेता थेट उरायासूला थांबते आणि त्या तीन स्थानकांतच निशि-कासाई येते. भुयारातून वर आलेली गाडी नदीचा पूल ओलांडून ओळखीच्या फलाटाशेजारून वेगाने निघून गेली, तो फलाट खिडकीतून मागे पडताना पाहून पोटात खड्डा पडला, असे बाई म्हणाल्या. उरायासूला उतरल्या तेव्हा फोन बंद पडलेला होता आणि पाऊस कोसळत होता.

मुलीने जपानीत लिहून दिलेला पत्त्याचा कागद हातात धरून त्या फलाटावर उभ्या होत्या. सत्तरीच्या एका जपानी बाईंनी तो कागद वाचला, यांना समोरच्या फलाटावर नेले, सगळ्या स्थानकांवर थांबणाऱ्या गाडीत यांच्यासोबत स्वतः बसल्या, दोन स्थानके मागे आल्या आणि भर पावसात आपली छत्री यांच्या डोक्यावर धरून इमारतीच्या दारापर्यंत चालत आल्या. स्वतःचा एक खांदा पूर्ण भिजलेला असताना त्यांनी पिशवीतून छोटा टॉवेल-रुमाल काढून यांच्या हातात दिला. बाईंनी घाईघाईने हजार येनची नोट पुढे केली. त्या दोन पावले मागे सरल्या, दोन्ही तळवे हलवून नको म्हणाल्या, कमरेत वाकल्या आणि निघून गेल्या. नाव विचारायचे राहिले. रुमाल हातातच राहिला.

तो रुमाल बाईंनी पर्समधून काढून माझ्या टेबलावर ठेवला. फिकट निळा, कोपऱ्यात भरतकामाचे फूल, इस्त्री केलेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत. परतल्यापासून तो त्यांनी ना वापरला होता, ना कपाटात ठेवला होता. रात्री जाग आली की त्या बाईंचा भिजलेला खांदा दिसतो, असे त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे त्यांचा तासभर गेला. पुन्हा गेले तर पुन्हा कुणाला तरी त्रास देणार."

येथे "एवढे मनाला लावून घेऊ नका" असे सांगणे सोपे होते, पण ते निरर्थक ठरले असते. बाईंच्या वडिलांनी घरात एकच शिस्त घालून दिली होती, कुणाचे मिंधे राहायचे नाही. वडील लवकर गेले, बाईंनी दोन धाकट्या भावांची शिक्षणे केली, आणि आयुष्यभर दुसऱ्याला देत राहिल्या. देण्याची सवय असलेल्या माणसाला घेणे फार जड जाते, हे मी अनेक घरांतून पाहिले आहे, विशेषतः आपल्या मध्यमवर्गीय आयांमध्ये. म्हणून आमच्या भेटींचा रोख मी गाड्यांकडून काढून "मिंधेपण" या एका शब्दाकडे वळवला.

तिसऱ्या भेटीत आणखी एक गोष्ट बाहेर आली, आणि माझ्या मते खरी सल तीच होती. "मी नोट पुढे केली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांचा अपमान केला." याबाबतीत नेमकी माहिती देणे मला आवश्यक वाटले. जपानमध्ये बक्षिसी देण्याची पद्धत नाही, आणि आनंदाच्या किंवा दुःखाच्या प्रसंगी पैसे द्यायचे झाले तरी ते उघडे न देता पाकिटात घालून देतात. आपणही लग्नात सुटी नोट हातावर ठेवत नाही, वर एक रुपया लावून पाकीटच देतो. नोट नाकारणाऱ्या त्या जपानी बाईंना संकोच वाटला असेल. राग आला असता तर त्या जाताना वाकल्या नसत्या. दुसरे असे की जपानी माणसे आभार मानताना आणि माफी मागताना "सुमिमासेन" हा एकच शब्द वापरतात आणि त्याचा मूळ अर्थ "हे अजून मिटलेले नाही, संपलेले नाही" असा सांगितला जातो. हे ऐकून बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आपण भाषणाच्या शेवटी म्हणतो तसं. आपल्या ऋणातच राहणे पसंत करीन." शाळेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात त्यांनी हे वाक्य उच्चारले होते. त्याचा अर्थ त्यांनी त्या दिवशी प्रथम तपासून पाहिला, असे मला वाटले.

त्यानंतर मी एकच प्रश्न विचारला. अनोळखी माणसाला तुम्ही कधी घरात घेतले आहे का? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडली होती आणि बाईंच्या वरच्या मजल्यावर दोन अनोळखी कुटुंबे पाच दिवस राहिली होती. पिठले-भात, मेणबत्त्या, एका तान्ह्या मुलासाठी साड्या फाडून केलेली दुपटी, हे सारे सांगताना बाईंचा आवाज बदलला. पाणी ओसरल्यावर त्यांतील एक गृहस्थ पाचशेच्या काही नोटा घेऊन आले होते. "मला इतकं वाईट वाटलं! म्हटलं, दादा, मी काय खानावळ चालवते का?" वाक्य पूर्ण होण्याआधीच त्या थांबल्या आणि टेबलावरच्या रुमालाकडे पाहत राहिल्या. मी काही बोलले नाही.

मदत मागणाऱ्याचा समोरच्याविषयीचा अंदाज चुकतो, हे अभ्यासकांनाही आढळले आहे. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हनेसा लेक यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातील एका प्रयोगात विद्यार्थ्यांना अनोळखी व्यक्तीला गाठून, मला व्यायामशाळेपर्यंत पोहोचवाल का, अशी विनंती करायची होती. होकार मिळेपर्यंत सुमारे सात जणांना विचारावे लागेल असा त्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात सरासरी दोन-तीन जणांतच काम झाले. मदत मागणारा समोरच्याच्या त्रासाचाच हिशेब करत बसतो. समोरच्याला नाही म्हणणे किती कठीण जाते आणि उपयोगी पडल्याचे किती बरे वाटते, हे त्याच्या हिशेबात येतच नाही.

परंपरेतही यासाठी जागा आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण आपण सगळे ऐकून असतो, पण शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात चौथे मनुष्यऋणही सांगितलेले आहे, आणि ते माणसांना आसरा व अन्न देऊन फेडायचे असते. ज्याने दिले त्यालाच परत करा, अशी अट त्यात नाही. बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी शिक्षिकेच्या काटेकोरपणाने विचारले, "मग मी २०१९ मध्येच आगाऊ भरणा केला म्हणायचं का?" मी म्हटले, तसा जमाखर्च मांडला की पुन्हा मिंधेपणच हाती लागते. मिंधा माणूस देणाऱ्याची नजर चुकवतो, ऋणी माणसाला तो पुन्हा भेटावा असे वाटते. त्या जपानी बाई पुन्हा भेटाव्यात असे तुम्हाला वाटते का? "फार वाटतं," असे त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

अशा वेळी सावधगिरीचे काय, हेही लोक मला विचारतात. माझा अनुभव असा की आपण स्वतः निवडून ज्याला विचारतो तो माणूस, आपणहून अंगाशी येणाऱ्यापेक्षा सहसा अधिक भरवशाचा असतो. पासपोर्ट कुणाच्या हाती देऊ नये आणि घाई करणाऱ्याबरोबर जाऊ नये, एवढे पाळले तरी पुष्कळ होते. बाईंसाठी आम्ही लहानशी तयारीही केली. वहीत पत्ता जपानीत, पोलिसांचा ११० आणि रुग्णवाहिकेचा ११९ हे क्रमांक, वस्तीतल्या पोलीस चौकीला "कोबान" म्हणतात ही नोंद, आणि जलद गाडीसाठी "काइसोकु" व प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या गाडीसाठी "काकुएकि-तेइशा" ही दोन नावे जपानी लिपीत मोठ्या अक्षरांत. दुसऱ्या नावाखाली बाईंनी लाल पेनाने दोनदा रेघ मारली.

पाचव्या आणि शेवटच्या भेटीत त्यांनी विचारले की रुमाल उरायासूच्या स्थानकावर हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत देऊन यावा का. मी उत्तर दिले नाही. तो त्यांना दिलेला होता, हरवलेला नव्हता, हे त्यांचे त्यांनाच उमगायला हवे होते.

बाई गेल्या. नात झाल्यावर महिन्याभराने मुलीने मला छायाचित्र पाठवले. गॅलरीतल्या दोरीवर लंगोट आणि टोपडी वाळत घातलेली होती आणि त्यांच्या ओळीत शेवटी तो फिकट निळा रुमाल होता, चुरगळलेला, ओला, एका कोपऱ्यावर बाळाच्या औषधाचा गुलाबी डाग पडलेला.