ढोल समोर दिसतो आणि डावीकडून ऐकू येतो? आधी रेकॉर्डरचा मेनू बघा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि तीन वर्षांपूर्वीचे माझेच दिवस आठवले. तुम्ही शिरपूरकडच्या गावात कानबाई देवीच्या विसर्जनाचं ३६० शूट, म्हणजे चहूबाजूंचं चित्रण केलंत, हेडसेटमध्ये चित्र झकास, पण ढोल दिसतो समोर आणि वाजतो डाव्या बाजूला, आणि एडिटर म्हणतो हेडफोन बदला. हेडफोन अजिबात बदलू नका.

कॅमेरा, स्टिचिंग (वेगवेगळ्या लेन्सची चित्रं जोडणं) ते सगळं तुम्हाला येतंय, सोडतो. मी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत, घोडेबाजाराच्या मधोमध चार माइकवाला रेकॉर्डर लावला होता. त्याच्या मेनूत फॉरमॅट फ्यूमावर होता (आवाज दिशेसकट साठवायची एक पद्धत), मी पाहिलंच नाही, आणि मिक्सिंगला दिलं त्या स्टुडिओने, नाव घेत नाही, ते अँबीएक्स, म्हणजे तशीच दुसरी पद्धत, धरून पुढे पाठवलं. दोन्हीत चॅनल चारच, पण क्रम वेगळा. फ्यूमात डब्ल्यू, एक्स, वाय, झेड. अँबीएक्समध्ये डब्ल्यू, वाय, झेड, एक्स. डब्ल्यू म्हणजे सगळीकडचा एकत्र आवाज, एक्स म्हणजे पुढे-मागे, वाय डावं-उजवं, झेड वर-खाली. आता क्रम चुकला की समोरचा आवाज डावीकडे जातो आणि डावीकडचा थेट डोक्यावर. तुमचा ढोल तेच सांगतोय.

माझे मामा चाळीस वर्षं त्या यात्रेला गेले, आता गुडघ्यांमुळे घरात. त्यांच्यासाठीच केलं होतं हे. हेडसेट लावला, डावीकडे पांढरा घोडा खिंकाळला आणि मामा मान वर करून छताकडे बघायला लागले. म्हणे, "घोडा आभायमा शे का रे?" म्हणजे घोडा आभाळात आहे का. दोन मिनिटांत चक्कर आली, काढून ठेवला. नंतर दुरुस्त करून नेला तर हातही लावला नाही. ते मला आजही लागतं.

आणि त्या स्टुडिओने दोन महिने घालवले हो! फोन केला की हेडफोन खराब, मग हेडसेट खराब, मग यूट्यूबच खराब. यूट्यूबला अँबीएक्सच लागतं, हे त्यांना माहीत असायला पाहिजे होतं. पैसे मात्र आधी घेतले.

मी काही साउंड इंजिनिअर नाही, तुमचा रेकॉर्डर वेगळा असेल, तरी माझं मत असं की प्रत्येक शूटच्या सुरुवातीला माइकसमोर उभं राहून टाळी वाजवायची आणि तोंडाने "समोर" म्हणायचं, मग डावीकडे, मागे, उजवीकडे, शेवटी हात उंच करून वर. अर्धं मिनिट लागतं, पण नंतर कुणी हेडफोनवर ढकलू शकत नाही. ८केच्या, म्हणजे आणखी बारीक चित्राच्या, मागे लागण्याआधी हे करा. आवाज चुकीच्या दिशेने आला की चित्र कितीही चांगलं असो, माणूस त्या जागी पोचतच नाही.

दुरुस्तीसाठी चॅनल हाताने अदलाबदल करत बसू नका, फ्यूमाचा डब्ल्यू ३ डेसिबलने कमी असतो, ते राहून जातं. फ्यूमा ते अँबीएक्स कन्व्हर्टर प्लगइन फुकट मिळतात. एक्स्पोर्ट करताना चारही चॅनल राहिलेत ना बघा, स्टिरिओ झालं की दिशा गेली.

जाता जाता, मांडवातल्या लाइटची चित्रात फडफड दिसत असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. आणि तापीकाठी वारा फार, माइकला फरची टोपी घालाच.

रेकॉर्डरमधली मूळ चार चॅनलची फाइल अजून आहे ना? असेल तर शूट वाया गेलेलं नाही, दुरुस्ती होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका.